आमदाराचा लेखाजोखा स्वतः मांडायचा तर: निकाल, मतदारसंघ आणि सभागृहातील काम

२०२४ च्या लोकसभा निवडणुकीत धुळ्यातून काँग्रेसच्या शोभा बच्छाव ३,८३१ मतांनी निवडून आल्या. सहा विधानसभा क्षेत्रांपैकी पाचांत त्या मागे होत्या. एकट्या मालेगाव मध्यने त्यांना पावणेदोन लाखांहून जास्त लीड दिले आणि सगळे गणित फिरले. त्यानंतर सहा महिन्यांनी, त्याच मालेगाव मध्यमध्ये विधानसभेचा निकाल अवघ्या १६२ मतांवर लागला. एमआयएमचे मुफ्ती मोहम्मद इस्माईल यांना १,०९,६५३ मते मिळाली आणि आसिफ शेख यांना १,०९,४९१. राज्यातली ती सर्वांत चुरशीची लढत ठरली.

मग हा मतदारसंघ एकतर्फी म्हणायचा की अटीतटीचा? तिथली वस्ती, तिथले राजकारण आणि समोर कोण उभे होते हे पाहिल्याशिवाय याचे उत्तर देता येत नाही. आमदाराच्या कामाचेही तसेच आहे. ‘पाच वर्षांत इतके प्रश्न विचारले’ हा आकडा त्या आमदाराच्या मतदारसंघात कोण राहते हे कळल्याशिवाय मुका असतो. म्हणून निकाल, मतदारसंघाची रचना आणि सभागृहातील नोंदी एकाच टेबलावर शेजारी शेजारी मांडायच्या आणि एकत्र वाचायच्या. ते कसे करायचे, कुठले कागद कुठे मिळतात आणि कुठे फसगत होते, ते या लेखात सांगतो. यातले जवळपास सगळे कागद फुकट मिळतात. लागतो तो वेळ आणि एक साधी एक्सेल शीट.

हा लेख विधानसभेपुरता आहे. विधान परिषदेच्या ७८ सदस्यांची निवड वेगळ्या पद्धतीने होते, त्यांना हे मोजमाप जसेच्या तसे लागू पडत नाही.

निकालाचा कागद

निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर प्रत्येक मतदारसंघाचा उमेदवारनिहाय निकाल असतो. २००९, २०१४, २०१९ आणि २०२४ अशा चार निवडणुका घ्या. त्यामागे जाऊ नका. आजचे मतदारसंघ २००८ च्या पुनर्रचनेतून आले आणि त्या सीमांवर पहिली निवडणूक २००९ मध्ये झाली. नाव तेच असले तरी २००४ चा मतदारसंघ दुसराच असू शकतो. दादा भुसे २००४ मध्ये दाभाडीतून निवडून आले आणि २००९ मध्ये मालेगाव बाह्यमधून, कारण दाभाडी हा मतदारसंघच उरला नव्हता. मतदारसंघ शोधताना नावापेक्षा क्रमांकावर भर द्या. मालेगाव मध्य ११४, लातूर ग्रामीण २३४ असे क्रमांक पुनर्रचनेपासून कायम आहेत. नावांचे स्पेलिंग मात्र प्रत्येक कागदात बदलते.

शीटमध्ये प्रत्येक निवडणुकीसाठी या गोष्टी भरा: एकूण मतदार, झालेले मतदान, पहिल्या तिघांची मते आणि पक्ष, नोटा आणि उरलेल्या सर्वांची बेरीज. मताधिक्य आकड्यात लिहा आणि त्याच्या शेजारी टक्केवारीही काढा. मताधिक्याला एकूण वैध मतांनी भागून शंभरने गुणले की झाले. टक्केवारी काढणे का गरजेचे, ते मतदारसंघांच्या आकारावरून कळेल. २०२४ मध्ये चिंचवडमध्ये साडेसहा लाखांहून जास्त मतदार होते आणि वडाळ्यात दोन लाखांच्या थोडे वर. जिथे सव्वा लाख मते पडतात तिथे दहा हजारांचे मताधिक्य म्हणजे आठ टक्के. जिथे चार लाख पडतात तिथे तेच दहा हजार अडीच टक्क्यांवर येतात. पहिला आमदार दुसऱ्यापेक्षा निवांत झोपू शकतो.

माझा स्वतःचा ठोकताळा असा: पाच टक्क्यांच्या आतले मताधिक्य अटीतटीचे, दहाच्या आतले सावध राहण्यासारखे. त्यापुढे गेले की जागा सुरक्षित, असे मात्र मी लगेच लिहीत नाही. कारण लातूर ग्रामीण.

२०१९ मध्ये काँग्रेसचे धीरज देशमुख तिथून १,२१,४८२ च्या मताधिक्याने जिंकले. कागदावर हा बालेकिल्ला. पण त्याच निकालात दुसऱ्या क्रमांकावर नोटा होता, २७,५०० मते घेऊन. युतीत ती जागा शिवसेनेकडे गेली होती आणि भाजपचा तिथला मतदार मतपत्रिकेवर स्वतःचा उमेदवार शोधत राहिला. २०१४ मध्ये चारही मोठे पक्ष स्वतंत्र लढले होते तेव्हा याच जागेवर भाजपचे रमेश कराड दहा हजारांच्या आसपास फरकाने हरले होते. म्हणजे ताकद होती, २०१९ च्या आकड्यात ती झाकली गेली. २०२४ मध्ये कराड यांना उमेदवारी मिळाली आणि ते साडेसहा हजारांच्या फरकाने जिंकले. ज्याने फक्त २०१९ चा निकाल पाहिला त्याला हा धक्का होता. चार निवडणुका ओळीने मांडणाऱ्याला तो नव्हता.

तेव्हा प्रत्येक निवडणुकीसमोर ‘जागा कोणाच्या वाट्याला होती’ असा एक रकाना ठेवा. महाराष्ट्रात या रकान्याशिवाय तुलना होऊच शकत नाही. २०१४ चौरंगी, २०१९ युती विरुद्ध आघाडी, आणि मग जून २०२२ मध्ये शिवसेना व जुलै २०२३ मध्ये राष्ट्रवादी फुटली. निवडणूक आयोगाने धनुष्यबाण आणि घड्याळ ज्या गटांना दिले त्यांची २०२४ ची मते २०१९ च्या त्याच चिन्हाच्या मतांशी जोडली तर चुकीचे चित्र उभे राहते. चौरंगी लढतीत तीस-पस्तीस टक्के मतांवरही जागा निघते. म्हणून विजेत्याची मतांची टक्केवारी मताधिक्याइतकीच महत्त्वाची धरा. पन्नास टक्क्यांवर जाऊन जिंकलेला आणि विरोधकांच्या फाटाफुटीत जिंकलेला, दोघांचे मताधिक्य सारखे असले तरी दोघांची जागा सारखी नाही.

पक्षाऐवजी माणसांची साखळी पाहिली तर कधी कधी जास्त कळते. मालेगाव मध्यमध्ये मुफ्ती इस्माईल २००९ मध्ये जनसुराज्यकडून जिंकले, २०१४ मध्ये राष्ट्रवादीकडून हरले, २०१९ मध्ये एमआयएमकडून अडतीस हजारांनी जिंकले. आसिफ शेख २०१४ मध्ये काँग्रेसचे आमदार होते, २०२४ मध्ये स्वतःच्या नव्या पक्षाकडून लढले. पक्षांचे रकाने पाहिले तर हा मतदारसंघ सतत उलटापालट होणारा दिसतो. माणसांचे पाहिले तर दोन घरांतली एकच जुनी लढत दिसते. आणि १६२ मतांचा अर्थ असा की फक्त ८२ मतदारांनी बाजू बदलली असती तर आमदार दुसरा असता.

लांबच्या कारकिर्दीलाही हेच लागू आहे. शेकापचे गणपतराव देशमुख सांगोल्यातून अकरा वेळा निवडून आले. त्यांचा १९९५ चा पराभव १९२ मतांचा होता. २०१९ मध्ये ते उभे नव्हते आणि ती जागा शेकापने ७६८ मतांनी गमावली. संगमनेरमध्ये बाळासाहेब थोरात १९८५ पासून सलग आठ वेळा जिंकले, २०१९ मध्ये साठ हजारांहून जास्त मताधिक्याने, आणि २०२४ मध्ये साडेदहा हजारांनी हरले. ‘अमुक इतक्या वेळा निवडून आले’ हे वाक्य जिथे वाचाल तिथे लगेच त्या प्रत्येक वेळच्या मताधिक्याची टक्केवारी शोधा.

बूथपर्यंत

मतदारसंघाचा एकूण निकाल कुणालाही मिळतो. खरे काम नमुना २० मध्ये आहे. हा अंतिम निकालाचा तक्ता असतो आणि त्यात प्रत्येक मतदान केंद्रावर प्रत्येक उमेदवाराला किती मते पडली ते लिहिलेले असते. राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावर त्याच्या पीडीएफ असतात. बऱ्याच प्रती स्कॅन केलेल्या, तिरक्या, काही ठिकाणी पुसट. हाताने टाइप करावे लागते आणि त्याला पर्याय नाही. टाइप केल्यावर उभी बेरीज खालच्या छापील बेरजेशी जुळते का ते तपासा. जुळली नाही तर आधी स्वतःचे टायपिंग तपासायचे, मग शंका घ्यायची. टपाली मते शेवटी वेगळ्या ओळीत असतात, ती विसरलात तर अटीतटीच्या लढतीत उत्तर चुकेल.

तक्त्यात केंद्राचा फक्त क्रमांक असतो. तो क्रमांक म्हणजे कुठल्या गावची शाळा, हे मतदान केंद्रांच्या यादीवरून किंवा मतदार यादीच्या पहिल्या पानावरून जुळवा. दोन निवडणुकांमध्ये केंद्रांचे क्रमांक सरकतात, नवी केंद्रे येतात. त्यामुळे क्रमांकाशी क्रमांक न जोडता गावाशी गाव जोडा, शहरात प्रभागाशी प्रभाग. हे काम किचकट आहे, पण यातूनच कळते की आमदार तालुक्याच्या गावात मागे आणि वाड्या-वस्त्यांवर पुढे आहे का, धरणाच्या खालच्या गावांत एक कल आणि वरच्या गावांत दुसरा आहे का. पुढे सभागृहातले प्रश्न वाचताना ही माहिती सोन्यासारखी उपयोगी पडते.

नमुना २० हाताशी असताना लोकसभेचे विधानसभानिहाय आकडेही काढून घ्या. महाराष्ट्रात ४८ लोकसभा आणि २८८ विधानसभा मतदारसंघ, म्हणजे प्रत्येक लोकसभेत बरोबर सहा. एप्रिल-मे २०२४ आणि नोव्हेंबर २०२४ या दोन निकालांत त्याच मतदारांनी काय वेगळे केले, हे पाहिले की पक्षाची मते किती आणि माणसाची किती याचा बऱ्यापैकी अंदाज येतो.

लहान उमेदवारांच्या ओळी वगळू नका. २०२४ च्या लोकसभेत साताऱ्यातून राष्ट्रवादीच्या शरद पवार गटाचे शशिकांत शिंदे ३२,७७१ मतांनी हरले. त्यांचे चिन्ह तुतारी वाजवणारा माणूस. त्याच मतपत्रिकेवर नुसती तुतारी हे चिन्ह असलेल्या एका अपक्षाला ३७,०६२ मते मिळाली. त्यातली किती मते चिन्हाच्या गोंधळातून गेली ते कुणी सिद्ध करू शकत नाही. पण ही ओळ नोंदवली नाही तर साताऱ्याचा निकाल अर्धाच सांगितल्यासारखा होतो. नामसाधर्म्य असलेल्या अपक्षांच्या ओळीही अशाच पाहायच्या.

मतदारसंघात कोण राहते

इथे सर्वांत जास्त थापा चालतात. ‘या मतदारसंघात अमुक समाज इतके टक्के’ असे आकडे निवडणुकीच्या काळात छातीठोकपणे सांगितले जातात. त्यांचा उगम विचारा. २०११ च्या जनगणनेत अनुसूचित जाती आणि अनुसूचित जमाती यांची गावनिहाय संख्या आहे, धर्माची आकडेवारी तालुका व शहर पातळीवर आहे. बाकी जातींची सर्वंकष आकडेवारी १९३१ नंतर प्रसिद्ध झालेलीच नाही. येत्या जनगणनेत जातनोंद होणार आहे, तिची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे. तोवर मराठा, धनगर, माळी, वंजारी, लिंगायत यांचे मतदारसंघनिहाय जे टक्के फिरतात ते कार्यकर्त्यांचे अंदाज आहेत. लिहायचेच असतील तर अंदाज म्हणून लिहा. मी तर ते शीटमध्ये घेतच नाही.

जनगणना मतदारसंघनिहाय मिळत नाही, ती आपण जोडायची. २००८ च्या पुनर्रचनेच्या आदेशात प्रत्येक मतदारसंघाची व्याप्ती लिहिली आहे: कुठला तालुका पूर्ण, कुठल्या तालुक्यातली कुठली महसूल मंडळे, शहरात कुठले प्रभाग. कर्जत-जामखेडसारखा दोन पूर्ण तालुक्यांचा मतदारसंघ असेल तर काम सोपे, दोन बेरजा केल्या की झाले. शेजारच्या तालुक्यातले एखादे महसूल मंडळ जोडलेले असेल तर त्या मंडळातली गावे एक-एक करून उचलावी लागतात. महापालिकांत आणखी अडचण, कारण आदेशातले प्रभाग तेव्हाचे आहेत आणि नंतर प्रभागरचना बदलत गेली. तिथे जुना नकाशा शोधूनच पुढे जा.

गावनिहाय जनगणनेतून एवढे तरी घ्या: लोकसंख्या, अनुसूचित जाती-जमाती, साक्षरता, आणि काम करणाऱ्यांची विभागणी. स्वतःची शेती कसणारे किती, शेतमजूर किती, घरगुती उद्योगातले किती, इतर किती. या विभागणीकडे लोक लक्ष देत नाहीत, मला ती फार बोलकी वाटते. ज्या मतदारसंघात शेतमजूर स्वतःची शेती कसणाऱ्यांपेक्षा जास्त आहेत तिथल्या आमदाराने पाच वर्षांत हमीभावावर दहा प्रश्न आणि रोजगार हमीवर एकही नाही, असे दिसले तर ती मोठी नोंद आहे. आकडे २०११ चे आहेत हे मात्र प्रत्येक तक्त्याखाली लिहा. पुणे, ठाणे, पालघर, रायगडच्या वाढत्या पट्ट्यांत ते आज फार जुने झाले आहेत. तिथे मतदारसंख्येतली २००९ पासूनची वाढ सोबत द्या, तेवढा तरी ताजा पुरावा असतो.

राखीव मतदारसंघांबद्दल एक गैरसमज खोल रुजला आहे. राज्यात २९ जागा अनुसूचित जातींसाठी आणि २५ अनुसूचित जमातींसाठी राखीव आहेत. जमातींच्या जागा जिथे त्यांचे प्रमाण सर्वाधिक तिथे ठेवल्या जातात, त्यामुळे अक्कलकुवा, डहाणू, मेळघाट अशा ठिकाणी आदिवासी मतदारांचे वजन मोठे असते. अनुसूचित जातींच्या जागा मात्र राज्याच्या वेगवेगळ्या भागांत विखरून ठेवण्याची कायद्यात तरतूद आहे, आणि तिथे दलित मतदार बहुसंख्य नसतात. निवडून कोण येणार हे बाकीचे मतदार ठरवतात. अशा आमदाराच्या कामाची नोंद वाचताना हा ताण लक्षात घ्यावाच लागतो. तो कोणाचे प्रश्न विचारतो आणि कोणाचे टाळतो, याचे कारण बरेचदा या गणितात असते.

मतदानाचे प्रमाणही मतदारसंघाच्या ओळखीचा भाग आहे. २०२४ मध्ये करवीरमध्ये ८४ टक्क्यांवर मतदान झाले, कुलाब्यात ४५ टक्क्यांपर्यंतही पोहोचले नाही. शहरातल्या यादीत स्थलांतरित झालेल्यांची नावे राहिलेली असतात, त्यामुळे कमी टक्का म्हणजे सगळी उदासीनताच असे समजू नका.

सभागृहातली नोंद

आता मुख्य भाग. यावर मी सर्वांत जास्त वेळ घालवतो, आणि तुम्हीही घालवावा असे मला मनापासून वाटते, कारण निवडणुकीबद्दल सगळे बोलतात आणि याबद्दल जवळपास कोणीच नाही.

आधी एक अपेक्षा बाजूला ठेवा. अमेरिकेतल्या राज्यांत आमदाराने कुठल्या विधेयकावर कसे मत दिले याची नावनिशी यादी मिळते. आपल्याकडे विधेयके बहुतेक वेळा आवाजी मतदानाने मंजूर होतात. ‘होय’चे बहुमत, ‘होय’चे बहुमत, विधेयक संमत. कोण होय म्हणाले, कोण गप्प बसले, याची नोंद राहत नाही. शिवाय राज्यघटनेच्या दहाव्या परिशिष्टानुसार, म्हणजे पक्षांतरबंदीच्या तरतुदीनुसार, व्हीप (पक्षादेश) मोडणाऱ्याची आमदारकी जाऊ शकते, त्यामुळे मत हे सदस्याचे कमी आणि पक्षाचे जास्त असते. शिरगणती क्वचित होते. ४ जुलै २०२२ च्या विश्वासदर्शक ठरावावर १६४ विरुद्ध ९९ अशी झाली, तशी. तेव्हा कोण कुठे उभे होते ते नक्की लिहून ठेवा.

मतदान नोंदलेले नसेल तर भाषण वाचा. १० जुलै २०२५ रोजी विधानसभेत महाराष्ट्र विशेष जनसुरक्षा विधेयक आवाजी मतदानाने मंजूर झाले. ते आधी दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीकडे गेले होते, त्यावर बारा हजारांहून जास्त सूचना-हरकती आल्या होत्या. सभागृहात ठाम विरोध नोंदवला तो डहाणूचे माकपचे आमदार विनोद निकोले यांनी. तुमचा आमदार त्या दिवशी बोलला का? बोलला तर काय बोलला? बाहेर पत्रकार परिषदेत एक आणि आत दुसरे असे झाले का? विधेयकाच्या बाजूचे असोत की विरोधातले, कोणत्याही आमदाराला हे प्रश्न लागू पडतात, आणि त्यांची उत्तरे सभागृहाच्या कार्यवाहीत, म्हणजे तिथल्या बोलण्याच्या शब्दशः नोंदीत, असतात.

विधानमंडळाच्या संकेतस्थळावर अधिवेशननिहाय प्रश्नोत्तरांच्या याद्या, लक्षवेधी सूचना, विधेयके, समित्यांचे अहवाल आणि कार्यवाही असते. वर्षात साधारण तीन अधिवेशने होतात: अर्थसंकल्पीय आणि पावसाळी मुंबईत, हिवाळी नागपुरात. कार्यवाहीची असुधारित प्रत आधी येते. ती वापरत असाल तर तसे लिहा.

प्रश्नांपासून सुरुवात करा. तारांकित प्रश्नाला मंत्री सभागृहात तोंडी उत्तर देतात आणि त्यावर उपप्रश्न विचारता येतात. अतारांकितला लेखी उत्तर मिळते. प्रश्नाचा साचा ठरलेला: ‘सन्माननीय मंत्री पुढील गोष्टींचा खुलासा करतील काय’, मग ‘हे खरे आहे काय’, ‘असल्यास’, ‘विलंबाची कारणे काय आहेत’. उत्तराचाही साचा आहे: ‘होय’, ‘हे खरे नाही’, ‘हे अंशतः खरे आहे’, ‘प्रश्न उद्भवत नाही’.

मोजणी इथेच फसते. एकाच प्रश्नाखाली आठ-दहा, कधी वीस सदस्यांची नावे असतात, कारण एकाच विषयावरचे प्रश्न एकत्र केले जातात. नुसती नावे मोजली तर वीस जणांच्या खात्यात एकच प्रश्न वीसदा जमा होतो. माझी पद्धत अशी: पहिले नाव असेल तर एका रकान्यात, इतरांसोबत असेल तर दुसऱ्या. तिसऱ्या रकान्यात प्रश्न स्वतःच्या मतदारसंघाचा, जिल्ह्याचा, राज्याचा की दुसऱ्याच जिल्ह्याचा. चौथ्यात विषय. पाचव्यात उत्तराचा प्रकार. नागपूरच्या आमदाराच्या नावावर मुंबईतल्या एका विशिष्ट इमारत पुनर्विकास प्रकल्पाचे प्रश्न पुन्हा पुन्हा दिसले तर ती संख्या कौतुकाची मानू नका. त्यामागे सार्वजनिक हेतू असेलही. पण तो शोधल्याशिवाय गुण देऊ नका.

यानंतर लक्षवेधी. नियम १०५ खालची ही सूचना तातडीच्या सार्वजनिक महत्त्वाच्या विषयावर असते. मंत्र्याला निवेदन करावे लागते आणि त्यावर सदस्य प्रश्न विचारतात. आमदार त्या वेळी उभा राहून काय विचारतो यावरून त्याची तयारी दिसते: ‘कारवाई कधी करणार’ एवढेच, की शासन निर्णयाची तारीख, मंजूर रक्कम, झालेला खर्च. नियम २९३ खालच्या चर्चांत लांब भाषणे होतात. कपात सूचना (खात्याच्या खर्चाची मागणी कमी करा असे सांगणाऱ्या) आणि पुरवणी मागण्या (अर्थसंकल्पाबाहेरच्या जादा खर्चाच्या) यांवरची भाषणे तर बहुतेक कोणी वाचतच नाही, आणि नेमकी तिथेच कुठल्या कामासाठी किती पैसा मागितला गेला ते सापडते.

मंत्र्याने सभागृहात ‘तीन महिन्यांत करू’ म्हटले तर ते आश्वासन ठरते आणि त्याच्या पूर्ततेवर आश्वासन समिती लक्ष ठेवते. आमदाराने मिळवलेल्या आश्वासनांची स्वतंत्र यादी करा आणि वर्षभराने एकेकाचा पाठपुरावा पहा. त्याच विषयावर त्याने पुन्हा प्रश्न टाकला का? जो टाकतो तो मनापासून काम करतो, असे माझे ठाम मत झाले आहे.

समित्या बंद दाराआड बसतात: लोकलेखा, अंदाज, सार्वजनिक उपक्रम, पंचायत राज, अनुसूचित जाती आणि जमाती कल्याण. कोण किती बोलले ते कळत नाही, पण सदस्यांची नावे आणि अहवाल कळतात. आमदार ज्या समितीवर आहे तिने पाच वर्षांत किती अहवाल मांडले, ते पहा.

अशासकीय विधेयके, म्हणजे मंत्री नसलेल्या सदस्याने मांडलेली, कायदा होणे फारच दुर्मिळ. तरी ती मोजा, कारण त्यातून आमदाराला कोणता कायदा हवासा वाटतो ते कळते. आणि कायदा घडवणे म्हणजे फक्त विधेयक मांडणे असे समजू नका. रोजगार हमी योजनेची कल्पना वि. स. पागे यांची. ते मंत्री नव्हते, विधान परिषदेचे सभापती होते. १९६५ मध्ये तासगाव तालुक्यातल्या विसापूरला प्रयोग झाला, कायदा १९७७ चा, आणि पुढे देशाच्या २००५ च्या कायद्याला त्याने वाट दाखवली. अशी नोंद कुठल्याही प्रश्नसंख्येच्या रकान्यात बसणार नाही, तिला वेगळा परिच्छेद द्यावा लागतो.

तुलना करताना कोणाला वगळायचे ते नीट ठरवा. मंत्री प्रश्न विचारत नाहीत, उत्तरे देतात. अध्यक्ष कामकाज चालवतात. त्यांच्या नावापुढचे शून्य म्हणजे निष्क्रियता असा अर्थ काढणे अन्यायाचे आहे. मधूनच मंत्री झालेल्यांचे फक्त आधीचे आणि नंतरचे दिवस मोजा. २०१९ ते २०२४ ची विधानसभा मोजताना आणखी काळजी घ्या: कोविडमुळे २०२० ची पावसाळी आणि हिवाळी अधिवेशने दोन-दोन दिवसांची झाली. ५ जुलै २०२१ रोजी भाजपच्या बारा आमदारांना वर्षभरासाठी निलंबित केले गेले आणि २८ जानेवारी २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते निलंबन रद्द केले. त्या काळातले त्यांचे आकडे इतरांच्या शेजारी तळटीपेशिवाय ठेवता येत नाहीत. सत्ताधारी आमदार विरोधकांपेक्षा कमी प्रश्न विचारतात, कारण त्यांचे काम मंत्रालयात फाईलवर होते, हेही ध्यानात ठेवा. शक्यतो सत्ताधाऱ्याची तुलना सत्ताधाऱ्याशीच करा.

मुंबईतल्या आमदारांचे प्रगतिपुस्तक प्रजा फाउंडेशन नियमित काढते. त्यांच्या पद्धतीचा अभ्यास जरूर करा, मात्र त्यांचे गुण उचलून आपल्या शीटमध्ये चिकटवू नका.

शपथपत्र आणि निधी

नमुना २६ मधील शपथपत्रात मालमत्ता, कर्ज, प्रलंबित गुन्हे, शिक्षण आणि पाच वर्षांचे उत्पन्न असते. दोन निवडणुकांची शपथपत्रे शेजारी ठेवा. गुन्ह्यांच्या बाबतीत कलमे वाचा, फक्त संख्या नको. आंदोलनात रस्ता अडवल्याचा गुन्हा आणि फसवणुकीचा गुन्हा एकाच बेरजेत टाकणे चूक आहे.

स्थानिक विकास निधी वर्षाला ५ कोटी रुपये असतो. कामांची यादी जिल्हा नियोजन कार्यालयात मिळते. मिळाली नाही तर माहिती अधिकारात अर्ज करा: जोडपत्र ‘अ’, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, विषय एकच, मजकूर १५० शब्दांत. ‘आमदारांनी काय काम केले’ असे विचारू नका. ‘अमुक आर्थिक वर्षात अमुक विधानसभा मतदारसंघात मंजूर कामांची यादी, गाव, रक्कम, सद्यःस्थिती’ असे मागा. उत्तराची मुदत तीस दिवस. आलेली गावे नमुना २० मधल्या गावांशी जुळवली की निधी मते देणाऱ्या गावांतच गेला की न देणाऱ्या गावांतही, ते डोळ्यांसमोर येते. विधानमंडळ सचिवालयाच्या जन माहिती अधिकाऱ्यांकडेही असाच अर्ज करून आमदाराने दिलेल्या आणि स्वीकारल्या गेलेल्या सूचनांची संख्या मागता येते.

सगळे एकत्र वाचताना

आता निकाल, मतदारसंघ आणि सभागृहातील नोंदी अशा तीन शीट शेजारी आहेत. मालेगाव मध्यचेच उदाहरण घ्या. हे यंत्रमागाचे शहर आहे. वस्ती दाट आहे आणि कामगार वीजदर व सुताच्या भावावर जगतो. तिथल्या कोणत्याही आमदाराची नोंद वाचताना मी पहिला शोध यंत्रमागाच्या वीज सवलतीचा घेईन, दुसरा महापालिकेच्या पाणी आणि आरोग्याचा. मग पाहीन की १६२ मतांनी जिंकल्यानंतरच्या अधिवेशनांत प्रश्नांची संख्या आणि विषय अडतीस हजारांनी जिंकल्यानंतरच्या काळापेक्षा वेगळे आहेत का. अटीतटीची जागा आमदाराला जास्त जागे ठेवते की नुसते सत्कार-उद्घाटनात गुंतवते, हे राज्यभर कुणीतरी नीट तपासायला हवे असे मला वाटते. एका मतदारसंघावरून त्याचे उत्तर देऊ नका.

जुळवणी करताना एक साधा तक्ता पुरतो. डावीकडे मतदारसंघाच्या दहा मोठ्या गरजा, जनगणनेवरून आणि गावांत विचारून काढलेल्या. उजवीकडे प्रत्येकीसमोर किती तारांकित, किती लक्षवेधी, किती आश्वासने, किती निधी. रिकामे रकाने रिकामेच ठेवा, भरायची घाई नको. आणि गरजांची यादी नोंदी वाचण्याआधी करा. नंतर केली तर मन नकळत सापडलेल्या प्रश्नांनाच गरजा म्हणू लागते.

छापण्याआधी हा तक्ता आमदारांच्या कार्यालयात लेखी पाठवा आणि उत्तरासाठी आठवडाभराची मुदत द्या. अधिवेशन चालू असेल तर जास्त द्या. स्वीय सहायकाशी फोनवर झालेले बोलणे उत्तर म्हणून वापरू नका, ई-मेल किंवा सहीचे पत्र मागा. त्यांनी एखादा आकडा चुकीचा दाखवून दिला तर मूळ कागद पुन्हा उघडून दुरुस्त करा. उत्तर आले तर ते शब्दशः लेखासोबत द्या. आले नाही तर कोणत्या तारखेला विचारले होते एवढेच लिहा.